कारखान्यांच्या भागातली वृक्षलागवड (उष्णता कमी करण्यासाठी)

एमआयडीसी, गोदामं, ट्रक टर्मिनल, पॉवर स्टेशन अशा ठिकाणी उन्हाचा तडाखा कमी व्हावा म्हणून मुद्दाम केलेली झाडांची लागवड. शहर आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा गरम राहतं हे ब्रिटिश हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्डने लंडनच्या तापमान नोंदींवरून १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, आता त्याला उष्णतेचं बेट म्हणतात, आणि कारखान्यांचा भाग म्हणजे त्या बेटातलंही तापलेलं टोक, कारण पत्र्याचे शेड, काँक्रीटचं यार्ड, डांबर आणि वर भट्ट्या, बॉयलर, कॉम्प्रेसर यांची स्वतःची गरमी.

चंद्रपूरचं उदाहरण सगळे देतात. कोळसा खाणी, सिमेंट, २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा. पण सगळं खापर कारखान्यांवर फोडून चालत नाही, विदर्भाचं ऊन मुळातच तसलं आहे.

झाड दोन प्रकारे काम करतं. एक सावली, भर उन्हात सावलीतली जमीन किंवा भिंत उघड्या जागेपेक्षा ११ ते २५ अंशांनी थंड असू शकते. दुसरं बाष्पोत्सर्जन, पानांतून १ लिटर पाणी उडालं की साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता त्यात खर्च होते, म्हणजे १०० लिटरला ६८ युनिट, कूलरच म्हणा ना. मात्र मुळाशी पाणी नसेल तर कडक उन्हात झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि हा कूलर बंद पडतो. नवी मुंबईकडच्या तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात हवाच दमट, पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून तिथे मुख्य फायदा सावलीचाच.

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना २०२५ पर्यंत साधारण ३३ टक्के जागेवर हरित पट्टा ठेवायची अट असायची. हा पट्टा बहुतेकदा कंपाउंडच्या कडेला जातो, धूळ आणि आवाज अडवायला ते ठीकच आहे, पण माणूस तापतो तो गेटवर, पार्किंगमध्ये, लोडिंगच्या जागी आणि बसस्टॉपवर, तिथे एक झुडूपही नसतं. उष्णतेसाठी लावायचं तर सावली माणसांच्या डोक्यावर पडली पाहिजे, शेडच्या पश्चिम भिंतीवर पडली तर आणखी चांगलं, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं.

कोलंबियातल्या मेडेलिन शहराने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने ३० हिरवे पट्टे तयार केले, तिथे तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याचं सांगितलं जातं. एखादं सुटं झाड लावून एवढा फरक पडत नाही, सलग पट्टा लागतो.

आपल्याकडे कडुनिंब, करंज, शिरीष, जांभूळ, वड, पिंपळ ही भरवशाची झाडं, वडा-पिंपळाला मात्र जागा सोडावी लागते, पाइपलाइन आणि पाया यांच्यापासून लांब. वर हाय टेन्शन लाइन असेल तर उंच झाड नकोच, नाहीतर दरवर्षी छाटणीत सावली जाते. गुलमोहर दिसायला छान, पण वादळात फांद्या मोडतात. झटपट वाढतं म्हणून लावलेल्या कोनोकार्पस या परदेशी झाडावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली.

खरी अडचण लावण्यात नाही, जगवण्यात आहे. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, पण रोपाची परीक्षा पावसाळ्यात होतच नाही, ती होते पुढच्या एप्रिल-मेमध्ये, निदान तीन उन्हाळे टँकरचं पाणी आणि ट्री गार्ड लागतो. त्यातून वाचलेल्या झाडाच्या बुंध्यापर्यंत मग पेव्हर ब्लॉक बसवतात, मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो याच कारणाने.