पगी

पगी म्हणजे पावलांच्या ठशांवरून चोराचा माग काढणारा गुजरातेतील गावकामगार. गुजराती ‘पग’ म्हणजे पाऊल, त्यावरून हे नाव पडले. ठशांच्या मागाला तिकडे ‘पगेरू’ म्हणतात. गायकवाडांच्या बडोदे संस्थानात अंमलदार मराठी आणि खेडी गुजराती, त्यामुळे बडोदेकर मराठी माणसाला हा शब्द परका नाही. कोकण-गोव्याकडचे पागी मात्र वेगळे. ते ‘पाग’ नावाचे जाळे टाकणारे मासेमार.

हे काम बहुधा कोळी किंवा भिल्ल घराण्यांकडे असे आणि विद्या बापाकडून मुलाकडे येई. चोरी कळताच माणसे-गुरे हिंडायच्या आत पगीला गाठावे लागे. तोवर सापडलेल्या ठशावर टोपले पालथे घालत. पगी काडीने ठशाचे माप घेई. पण खरी ओळख मापाने नव्हे, चालीने पटते. टाच किती रुतली, अंगठा कुठे वळला, कोणत्या पायावर भार जास्त, हे तो बघे. डोक्यावर ओझे असेल तर ठसा खोल उमटतो, आणि ओझे टाकले की तोच माणूस हलका चालतो. चरोतर म्हणजे खेडा-पेटलादकडचा सपाट मुलूख; तिथली भुसभुशीत गोराडू जमीन अशा वाचनाला सोयीची. खडकाळ वाट, वाहते पाणी आणि मही नदीकाठची कोतरे म्हणजे घळी ही चोराच्या सोयीची. पायाला चिंध्या बांधणे, मागावरून गुरे हाकणे हे चोरांचे जुनेच उपाय.

पगीचे काम गुन्हेगाराचे नाव सांगून संपत नसे, ते शिवेवर संपे. माग शेजारच्या गावात शिरल्याचे त्या गावच्या पगीला पटवून दिले की पहिले गाव सुटले; पुढचा शोध दुसऱ्याच्या गळ्यात. ज्या गावात माग विरला त्याने चोर हजर करावा, नाहीतर भरपाई द्यावी. ही रीत एकट्या गुजरातची नव्हे. देशावरच्या राखणदाराकडूनही अशीच अपेक्षा असे, हे पेशवाईनंतर तिथला कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने नोंदवले आहे. आपल्या ‘माग काढणे’, ‘मागावर असणे’ या बोलण्यात तीच वाट आहे. बडोद्यात या रीतीला आणखी एक अडचण होती. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली या चार प्रांतांच्या मध्ये इंग्रजी हद्द आणि इतर संस्थाने पसरलेली. महीपलीकडच्या इंग्रजी खेडा जिल्ह्यात किंवा पूर्वेच्या रेवाकांठ्यातल्या लहान संस्थानांत माग शिरला, तर गावच्या शिवेचा प्रश्न दोन राज्यांचा होई आणि वहिवाटदाराला (तालुक्याच्या अंमलदाराला) लिहापढी करावी लागे.

खेड्यात घडणारी ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहू पाहणाऱ्याला याहून चांगला नायक मिळणे कठीण. बोटांच्या ठशांचे कार्यालय कोलकात्यात निघाले 1897 साली. त्याआधीच्या कथेत खेड्यातला पुरावा म्हणजे मुख्यतः साक्षीदार आणि जमीन. पण या नायकाची एक गोची आहे. त्याचे उत्तर माणूस नसून गाव असते, आणि शिवेपलीकडे पाऊल टाकायचे तर तिथल्या पगीशी जमवून घ्यावे लागते. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवण्याची शहरी तऱ्हा इथे चालायची नाही. शिवेवर दोन पगी एकाच ठशावर वाकून हुज्जत घालत आहेत, हा प्रसंग मला जास्त रंगतदार वाटतो.

न्यायालयांनी या विद्येला बेताचेच वजन दिले. पावलांच्या ठशांची ओळख हे अजून प्राथमिक अवस्थेतले शास्त्र आहे, त्यावर फार विसंबता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रीतम सिंग खटल्यात (1956) म्हटले. इतर पुराव्याला जोड म्हणून मात्र ती चालते. सीमेवर तिची किंमत वेगळी ठरली. बनासकांठ्याचे रणछोडभाई पगी यांनी 1965 आणि 1971 च्या युद्धांत कच्छच्या रणात भारतीय सैन्याला वाटा दाखवल्या. पंचमहाल भागात पगी आज आडनाव म्हणूनही आढळते.