ग्राफिक्स कार्ड बसवणे : कमी स्लॉटचे स्वस्त डेस्कटॉप (कोकण किनारपट्टी)

ऑनबोर्ड ग्राफिक्सवर (पडद्यावर चित्र दाखवण्याची मशीनमध्ये मुळातच असलेली सोय) चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड घालण्याला दुकानातल्या बोलीत नुसते ‘कार्ड टाकणे’ म्हणतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे दहा मिनिटांचे काम. बुटक्या किंवा स्वस्त ‘सीपीयू’त (अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणायची आपली सवय आता सुटणारी नाही) कोणते कार्ड घ्यायचे हे खिसा नंतर ठरवतो. त्याआधी स्लॉट (मदरबोर्डावरची कार्ड खोचायची खाच), एसएमपीएस (पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि पेटीची उंची ठरवते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनारी खारी हवा आणि पावसाळी विजा यांचाही हिशेब धरावा लागतो.

स्लॉटची टंचाई जुनी आहे. पीसीआय स्लॉट 1992 मध्ये आला आणि खास ग्राफिक्ससाठी एजीपी 1997 च्या सुमारास. पण इंटेलच्या 845जीव्ही, 865जीव्ही अशा स्वस्त चिपसेटच्या (मदरबोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपा) मदरबोर्डांना एजीपीची सोयच नव्हती. अशा मशीनवर दोन-तीन पीसीआय खाचा असत. एका खाचेत डायल-अप मोडेम, दुसरीत लॅन कार्ड, आणि उरलीच तर तिसरीत ग्राफिक्स. त्यातून पीसीआयचा 133 मेगाबाइट प्रतिसेकंद हा वेग सगळ्या कार्डांनी मिळून वापरायचा. 1024 बाय 768 चे एक चित्र 32 बिटांत सुमारे 3 मेगाबाइटचे होते, म्हणजे ती वाट पूर्ण मोकळी असली तरी सेकंदाला चाळीसेक चित्रे पोचणार. 1920 बाय 1080 ला तेच चित्र 8 मेगाबाइटच्या पुढे जाते आणि आकडा सोळावर येतो. तरीही जीफोर्स एफएक्स 5200 सारखी पीसीआय कार्डे लोकांनी घेतली आणि ती उपयोगीही पडली, कारण चित्र कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत तयार होते. वाटेने फक्त कच्चा माल येतो. झोटॅकने 2012 मध्येही जीटी 610 हे कार्ड पीसीआय आणि एका लेनच्या (लेन म्हणजे डेटाची वाट) पीसीआय एक्सप्रेस अशा दोन्ही रूपांत काढले, यावरून अशा मशीनची संख्या कळावी.

पीसीआय एक्सप्रेस 2004 पासून मदरबोर्डांवर दिसू लागला. यात प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन असतात. पहिल्या पिढीत दर लेनला सेकंदाला 250 मेगाबाइट, दुसऱ्या पिढीत 500, तिसऱ्या पिढीत साधारण 985. ग्राफिक्सचा लांब स्लॉट सोळा लेनचा. मात्र लांबी पाहून फसू नये, कारण काही मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट आतून चारच लेनचा असतो. उलट छोट्या स्लॉटचे टोक उघडे असेल तर त्यात मोठे कार्डही बसते आणि कमी वेगाने चालते. टोक बंद असेल तर तापवलेल्या पात्याने ते कापणारे कारागीर आहेत. पाते दोन मिलिमीटर पुढे गेले की मदरबोर्ड गेला, म्हणून हा मार्ग सुचवू नये.

आज कोकणात या कामासाठी येणारी मशीन बहुतेक दोन जातींची. एक, मुंबईच्या कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड बुटके डेल, एचपी किंवा लेनोवो. लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला संगणकांचा बाजार) किंवा ऑनलाइन घेतलेले. दुसरी, गावातच जुळवलेले एच61 किंवा एच81 चिपसेटचे असेंबल्ड.

बुटक्या पेटीत पहिली अडचण उंचीची. नेहमीच्या कार्डाची मागची लोखंडी पट्टी 12 सेंटिमीटरची, लो-प्रोफाईल पट्टी सुमारे 8 सेंटिमीटरची. पट्टी बदलता येते, पण कार्डाचा हिरवा किंवा काळा बोर्डच उंच असेल तर बदलून उपयोग नाही. खोक्यात छोटी पट्टी दिली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. नंतर ती सुटी मिळवणे कार्ड मिळवण्यापेक्षा अवघड जाते. दुसरी अडचण जाडीची. काही मॉडेलांत लांब स्लॉट एसएमपीएसला इतका खेटून असतो की दोन स्लॉटची जागा घेणारे कार्ड बसतच नाही. पट्टी-टेप घेऊन कॅबिनेट उघडावे, स्लॉटपासून पुढच्या अडथळ्यापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे आणि मगच दुकानात जावे. कुडाळ-सावंतवाडीहून कार्ड मुंबईला परत धाडण्यापेक्षा मोजणे स्वस्त पडते.

तिसरी अडचण वीजपुरवठ्याची. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला वेगळी सहा किंवा आठ पिनची वायर लागते, आणि 240-255 वॉटच्या ब्रँडेड बुटक्या मशीनमध्ये सहसा ती नसते. तिथला एसएमपीएसही बऱ्याचदा कंपनीच्याच घडणीचा. बाजारातला साधा त्याजागी बसत नाही. असेंबल्डमध्ये वेगळाच प्रकार. खोक्यावर ठसठशीत 450 वॉट छापलेले असते, पण बाजूच्या लेबलावर 12 व्होल्टला 14 अँपिअर लिहिलेले सापडते. 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड याच वाटेने पोसले जातात, बाकीचा आकडा शोभेचा. साटा वायरीवरून (हार्डडिस्कला वीज देणारी) सहा पिनचे कनेक्शन काढणारे कन्व्हर्टर तर घेऊच नयेत. साटाच्या 12 व्होल्टच्या पिना मिळून 54 वॉट देऊ शकतात, सहा पिनवाले कार्ड 75 मागते. मधला फरक प्लास्टिक वितळवतो.

म्हणून बिनवायरच्या कार्डांची यादी छोटीच आहे. जीटी 710 (2016) 19 वॉटचे. दुसरा मॉनिटर जोडायला ठीक, त्यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नये. त्याच्या चिपच्या केप्लर नावाच्या पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये थांबवले. जीटी 1030 (2017) 30 वॉटचे. इथे एक खोच आहे. 2018 मध्ये त्याच नावाने डीडीआर4 मेमरीचे रूप आले. जीडीडीआर5 वाल्याचा मेमरी वेग सेकंदाला 48 गिगाबाइट, डीडीआर4 वाल्याचा 16.8. नाव एकच, खोकाही बहुधा सारखाच. फरक मेमरीच्या एका ओळीत. यापुढे जीटीएक्स 1050 टीआय (2016) आणि जीटीएक्स 1650 (2019) ही 75 वॉटची, तर आरटीएक्स 3050 चे 6 जीबी रूप (2024) 70 वॉटचे. 1050 टीआय आणि 1650 वायरीसह आणि वायरीशिवाय अशी दोन्ही मिळतात, तेव्हा फोटो नीट पाहावा. कवडीमोलाने मिळणाऱ्या ‘1050 टीआय’त बायोस (आत भरलेले, सुरू होताना चालणारे सॉफ्टवेअर) बदललेली जुनी चिपही असते, जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर ती सहसा उघडी पाडते.

एएमडीचे आरएक्स 6400 (2022) 53 वॉटचे, एका स्लॉटचे आणि लो-प्रोफाईलमध्येही मिळणारे, म्हणजे कागदावर या कामासाठीच घडवलेले. पण त्याला चारच लेन आहेत. नव्या मशीनवर पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीत त्या चार लेन सेकंदाला साधारण 8 गिगाबाइट देतात. एच81 वर दुसऱ्या पिढीत 2. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओची फाईल बनवणारा भाग) नाही. लग्नाचे शूटिंग एडिट करणाऱ्या स्टुडिओने ते घेतले तर एक्स्पोर्टचा भार प्रोसेसरवरच पडतो. अशा स्टुडिओला इंटेल प्रोसेसरात 2011 पासून असलेले क्विक सिंक (ऑनबोर्ड ग्राफिक्समधला एन्कोडर) जास्त कामी येते, फक्त कार्ड टाकल्यावर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू ठेवावे लागते. इंटेलच्या आर्क ए380 ला (2022) एन्कोडर उत्तम, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. तो नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर त्याचा दम निघतो.

कार्ड लागतेच असेही नाही, आणि दुकानदार सहसा हे आपणहून सांगत नाही. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमवरच जगते. डीडीआर3-1600 ची एक पट्टी सेकंदाला 12.8 गिगाबाइट देते, जोडीने दोन लावल्या की 25.6. हा आकडा डीडीआर4 वाल्या जीटी 1030 च्या पुढे आहे, जरी तो प्रोसेसरशी वाटून घ्यावा लागत असला तरी. महा ई-सेवा केंद्रात दाखले काढणाऱ्या किंवा लग्नपत्रिकांचे डीटीपी करणाऱ्या मशीनला रॅमची दुसरी पट्टी आणि एसएसडी एवढेच पुरते. गेम आणि थ्रीडीचे काम असेल तर मात्र कार्डाला पर्याय नाही.

कोकणी हवेचा भाग दुरुस्तीच्या टेबलावर कळतो. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून पावसाळ्यात मशीन आले की कारागीर आधी कार्ड उपसतो. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर तपकिरी, कधी हिरवट पापुद्रा दिसतो. पांढरे खोडरबर घेऊन तो पट्ट्यांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने घासतो; आडवे घासले तर रबराचे कण फटीत अडकतात. मग ब्रशने झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात, आणि स्लॉटमध्ये ब्लोअर. पुन्हा लावले की बऱ्याचदा एक बीप होऊन स्क्रीन उजळते. खरखरीत शाईचे खोडरबर वापरले तर सोन्याचा मुलामाच निघतो आणि पुढच्या पावसात तेच दुखणे दुप्पट होऊन येते.

पंख्याच्या कार्डात खारी धूळ बसून बेअरिंग कुरकुरू लागते. त्यामुळे मालवण, वेंगुर्ल्यासारख्या अगदी समुद्राकाठच्या गावी 19 ते 30 वॉटमध्ये मिळणारी बिनपंख्याची कार्डे बरी पडतात. पण बंद लाकडी खणात ठेवलेल्या बुटक्या पेटीत बिनपंख्याचे कार्ड शिजते, तेव्हा पेटी बाहेर काढावी. पावसात मशीन रोज अर्धा तास तरी चालू ठेवण्याची इथली रीत अंधश्रद्धा नव्हे. आतली ऊब ओल धरू देत नाही. चाकरमान्यांच्या घरी जूनपासून बंद असलेले मशीन गणपतीत उघडले की कार्डापेक्षा आधी खोडरबर लागते.

मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आणखी एक स्लॉट खातात. ब्रॉडबँडच्या वायरीतून आलेला झटका ऑनबोर्ड लॅन पोर्ट जाळतो, मग त्याजागी लॅन कार्ड बसते, आणि दोनच स्लॉट असलेल्या मशीनमध्ये जाड ग्राफिक्स कार्डाला जागा राहत नाही, कारण ते शेजारचा स्लॉट झाकते. अशा वेळी लॅन कार्ड काढून यूएसबीचे लॅन अडॅप्टर लावतात. यूपीएसचेही गणित आहे. सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस 360 वॉटच्या आसपास पेलतो. 75 वॉटचे कार्ड त्यात बसते, पण लाईट गेल्यावर काम सेव्ह करायला मिळणारी मिनिटे कमी होतात. अर्थिंग नसलेल्या जुन्या चिरेबंदी घरात तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिणते. तिथे कार्डाच्या आधी वायरमनला बोलवावे.