जॅझ तबकड्यांचा संग्रह (ग्रामीण विदर्भ)

जॅझ संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका शोधणे, ओळखणे आणि वाजत्या ठेवणे, असा हा तिहेरी उद्योग आहे. ग्रामीण विदर्भात त्याचा भर लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर आहे. मालगुजारांचे वाडे, जिनिंगवाल्यांच्या कोठ्या आणि कामठीची छावणी ही त्यांची जुनी ठिकाणे मानली जातात. नागपूर मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्गावर असल्याने माल दोन्ही टोकांकडून आला असावा. आज तो कबाड्याकडे नाट्यपदांच्या आणि चित्रपटगीतांच्या गठ्ठ्यात मिसळलेला असतो. लेबलवर ‘जॅझ’ हा शब्द क्वचितच दिसतो. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘फॉक्स-ट्रॉट’ (जोडीने करायच्या एका पाश्चात्त्य नाचाचे नाव) छापलेले असते. त्यावरून तबकडी वेगळी काढावी, मात्र प्रत्येक फॉक्स-ट्रॉट जॅझ नसतो. नुसते नृत्यसंगीत त्यात भरपूर असते.

कालनिर्णय : जॅझची पहिली तबकडी न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९१७ मध्ये मुद्रित झाली, याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. हातातली तबकडी कोणत्या साली छापली, हा प्रश्न अधिक अवघड आहे. भारतातील छपाई १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात सुरू झाली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या दमदमला गेली. १९३१ मध्ये ग्रामोफोन (एचएमव्ही हे लेबल तिचे) आणि कोलंबिया कंपन्या एक झाल्या. त्यामुळे एचएमव्ही आणि कोलंबिया ही लेबले वेगळी दिसली तरी कारखाना एकच असू शकतो. काही संग्राहक लेबलचा रंग आणि मजकूर प्रमाण मानतात. सूचीकार लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ ध्वनिमुद्रणाला दिलेला क्रमांक) मानतात. दुसरा मार्ग अधिक विश्वसनीय वाटतो, पण त्यालाही मर्यादा आहे. विलायतेहून आलेल्या धातूच्या साच्यावरून दमदमला छापले तरी क्रमांक मूळचाच राहतो. म्हणजे क्रमांकावरून ध्वनिमुद्रण कळते, छपाई नव्हे. दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. कोलंबियाच्या तबकडीवरील क्रमांक ‘सीईआय’ने सुरू होत असेल तर ध्वनिमुद्रण भारतातले समजतात. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईच्या ताजमध्ये आणि पुढे कलकत्त्यात वाजवत असे. १९४५ मध्ये तो कलकत्त्यातच वारला. त्याच्या कलकत्त्यातील ध्वनिमुद्रणांना म्हणूनच विशेष मागणी असते. आणखी एक खबरदारी : पश्चिमेत ७८ च्या तबकड्या १९६० च्या सुमारास संपल्या, तरी भारतात त्या पुढेही निघत राहिल्या, बीटल्सच्या गाण्यांच्याही निघाल्या. त्यामुळे ७८ ची दिसली की ती स्वातंत्र्यापूर्वीची, असे धरू नये.

घटकद्रव्ये : तबकडीत लाख फार तर एक-तृतीयांश असते, बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुती तंतू. पळसावर रंगीनी आणि कुसुमावर कुसुमी लाख होते, आणि गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत ही झाडे विपुल आहेत. तेवढ्यावरून तबकडीतली लाख इथलीच म्हणणे ही उडी ठरेल. व्यापारात अनेक जिल्ह्यांची लाख एकत्र होई आणि वितळल्यावर तिचे जंगल ओळखू येत नाही. भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवीत, म्हणजे पोलादी सुई घासून खोबणीच्या मापाची होई. दर बाजूला नवी सुई लावण्याचा नियम त्यातूनच आला. झिजलेली सुई दुसऱ्यांदा लावली की तिची धार खोबणीच्या भिंती खरवडते आणि तो भाग करडा दिसू लागतो.

पारख व निगा : तबकडी मधल्या भोकात बोट घालून लोंबकळती धरावी आणि कडेला हलकी टिचकी मारावी. अखंड असेल तर ती खणकते. केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. मग ती उजेडात तिरपी धरून करडेपणा पाहावा. धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. लेबल कोरडे ठेवावे. स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लावू नये, लाख त्यात विरघळते. एलपीसाठी (नंतरच्या, संथ फिरणाऱ्या विनाइल तबकडीसाठी) सांगितलेला उपाय इथे केल्याने चांगल्या तबकड्या वाया गेल्या आहेत. विलायती कोलंबियाच्या थरांच्या तबकड्यांत कडेतून पाणी शिरले तर आतला कागद फुगून पृष्ठभाग तडकतो.

मोठा शत्रू उन्हाळा. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात तबकड्या वाकतात, आडव्या रचलेल्या आधी. त्या लोखंडी पेटीत नव्हे, तर खालच्या खोलीत, उभ्या आणि दाटीने ठेवाव्यात. वाकलेली तबकडी दोन जाड काचांमध्ये ठेवून सकाळचे ऊन दाखवतात आणि दर काही मिनिटांनी तपासतात. काच सावलीत पूर्ण गार झाल्यावरच उचलायची. घाई केली तर वाक परत येतो. दुपारचे ऊन वापरले तर खोबण्याच बसतात. पावसाळ्यात बुरशी येते, आणि उधळी (वाळवी) कागदी पाकिटांसोबत लेबलही खाते.

वादन : ७८ साठी सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते, स्टिरिओ एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. ती ७८ च्या खोबणीच्या तळाशी जाऊन नुसती खरखर देते. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर साउंडबॉक्सच्या (सुई बसवलेल्या जड डबीच्या) वजनाने ती एका वादनात खराब होते.

एलपी : अमेरिकेत १९४८ पासून. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीच्या १९६६ पर्यंतच्या मूळ छपाईत लेबलजवळच्या पट्ट्यावर बहुधा कानासारखी एक खूण कोरलेली सापडते. नंतरच्या छपाईत ती नसते.