क्रूप की बाळदमा? आवाज कुठल्या श्वासाला येतो ते ऐका

रात्रीचे दोन वाजले होते. संध्याकाळी धाकटीचं नुसतं नाक वाहत होतं, अंग जरासं कोमट होतं. ती एकदम खोकत उठली आणि तो खोकला लहान मुलाचा वाटेचना. बाहेर कुत्रं भुंकावं तसा कोरडा, खणखणीत. रडायला लागली तर आवाज पार घोगरा. थोरल्याला बाळदमा, त्यामुळे औषधाचा बारीक फवारा देणारा नेब्युलायझर घरात असतोच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिचीही छाती भरली. लाव पटकन मशीन." मी लावलं. मास्क तोंडावर दाबून धरला, ती जिवाच्या आकांताने रडली आणि प्रत्येक हुंदक्यागणिक श्वासाचा आवाज वाढतच गेला. शेवटी मास्क बाजूला ठेवला, तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिले, तेव्हा कुठे ती निवली आणि तो आवाजही थांबला.

सकाळी डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं : आवाज श्वास आत घेताना येत होता की बाहेर सोडताना? मला सांगता आलं नाही. हे तेव्हा माहीत असतं तर त्या रात्री मी तिला रडवलं नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

धाकटीला झाला होता तो क्रूप. त्यात सूज येते ती गळ्यात, स्वरयंत्राशी आणि त्याच्या लगेच खाली. कारण विषाणू, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा. हा आजार मुख्यतः सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होतो, कारण त्यांची श्वासनळी मुळातच अरुंद असते. चार मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर उरतात दोन मिलिमीटर, म्हणजे हवेची तीन चतुर्थांश वाट बंद. शहाळ्यातली कागदी नळी भिजून मऊ पडली आणि जोरात ओढलं की आत चिकटते ना, तसंच इथे होतं. मूल श्वास आत ओढतं तेव्हा सुजलेला भाग आणखी आवळतो आणि घर्र असा आवाज येतो. रडणारं मूल जोरात ओढतं, म्हणून रडल्यावर तो वाढतो.

बाळदम्यात अडचण खाली, फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत असते. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत सूज आणि चिकट कफ असतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते, म्हणून शिट्टीसारखा बारीक सूं-सूं आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो. आवाज बसत नाही, खोकला भुंकल्यासारखा नसतो. शिवाय बाळदमा पुन्हा पुन्हा येतो : सर्दी झाली, धूळ उडाली, दिवाळीत फटाक्यांचा धूर कोंडला की परत.

ओळखायचं कसं? मूल शांत असताना त्याचा सदरा वर करून पोटाकडे बघा. पोट फुगतंय तेव्हा श्वास आत, बसतंय तेव्हा बाहेर. नजर पोटावर, कान आवाजावर. एवढं पुरतं.

उपाय वेगळे पडतात ते याच कारणाने. बाळदम्याचं साल्ब्युटामॉल बारीक नळ्यांचे स्नायू सैल करतं, गळ्यातल्या सुजेला त्याचा उपयोग नाही. क्रूपला डॉक्टर वजनाप्रमाणे डेक्सामेथासोन देतात, बहुधा एकच डोस, आणि काही तासांत सूज ओसरू लागते. त्रास जास्त असेल तर रुग्णालयात अ‍ॅड्रिनालिन नेब्युलायझरमधून देतात, पण त्याचा असर दोनेक तासांत उतरतो, म्हणून नंतर काही तास थांबवून घेतात. घाईने घरी येऊ नका. अँटिबायोटिकचं इथे काम नाही. बाळदम्याच्या मुलाला मात्र डॉक्टरांनी शिकवलेला पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, वेळेवर द्यायलाच हवा.

आता वाफेबद्दल. गरम पाण्याची बादली आणि वरून टॉवेल, हा आपल्याकडचा हमखास उपाय. क्रूपला वाफेचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि वाफ घेताना भाजलेली मुलं रुग्णालयात येतात, हे मात्र खरं. हे मी आग्रहाने सांगते : लहान मुलाजवळ उकळतं पाणी आणूच नका. गार हवेचं वेगळं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातल्या अभ्यासात दहा अंशांखालच्या थंड हवेत अर्धा तास बसवलेल्या मुलांना सौम्य-मध्यम क्रूपमध्ये लवकर आराम पडला. निफाडची पौषातली पहाट सोडली तर आपल्याकडे तितका गारवा क्वचितच. तरी मांडीवर ताठ बसवणं, घोट-घोट पाणी, ताप असेल तर पॅरासिटामॉल आणि मुख्य म्हणजे रडू न देणं, एवढ्यावर सौम्य क्रूपची रात्र निभते. घसा बघायला तोंडात चमचा घालू नका. भुंकणारा खोकला दोन-तीन रात्री पुन्हा उठतो, त्याची तयारी ठेवा.

मूल शांत असतानाही घर्र थांबत नसेल, श्वासागणिक बरगड्यांखाली किंवा गळ्याच्या खळगीत खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, गिळता न येऊन लाळ गळत असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. हे बाळदम्यालाही लागू. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. क्रूपमध्ये तो आकडा फार उशिरा घसरतो.

सर्दी-ताप काहीच नाही, मूल खेळता-खाता अचानक ठसकलं आणि आवाज सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा सीताफळाची बी श्वासनळीत गेली असू शकते. तेव्हाही थांबायचं नाही. लसी राहिल्या असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण घटसर्पातही आवाज असाच घोगरा होतो.

क्रूप दिवसा बराचसा दबून असतो आणि दवाखान्यात मूल हसत बसतं. म्हणून रात्रीच मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवा : दिवा लावून, सदरा वर करून, पोट दिसेल आणि आवाजही येईल असं.