सेवा (बायबलमधील संकल्पना)

बायबलमध्ये उपासना आणि श्रम यांसाठी अनेक ठिकाणी एकच शब्द आहे. हिब्रू ‘अवोदा’ म्हणजे शेतातले काम, वेठबिगार आणि देवाची आराधनाही. ‘निर्गम’ या पुस्तकात इस्राएली लोक मिसर देशात विटा पाडतात, ती अवोदा. ‘माझ्या लोकांना माझी सेवा करायला जाऊ दे’ हा देवाचा निरोप मोशे हा त्यांचा पुढारी मिसरच्या राजाला, फारोला, देतो, तिथेही शब्दाचा मूळ धातू तोच. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे विठ्ठलाचीही सेवा असते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचीही.

ही सेवा वाटून घ्यायची असते. ‘गणना’ या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे प्रवासात सोबत नेण्याचा उपासनेचा तंबू, हलवण्याचे काम मंडपाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातल्या 30 ते 50 वयाच्या पुरुषांकडे आहे. या वंशाच्या तीन शाखा. गेर्षोनी पडदे नेतात, त्यांना 2 गाड्या. मरारी फळ्या आणि खांब नेतात, त्यांना 4. कहाथींना एकही गाडी नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. पालखीचे भोई पाहिलेल्याला त्याचे कारण विचारावे लागणार नाही. आमोस आणि यशया हे संदेष्टे पुढे बजावतात की न्याय नसेल, भुकेल्याला भाकर मिळत नसेल, तर सण आणि उपास देवाला नकोत.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशू आणि त्याच्या अनुयायांविषयीच्या भागात, हा धागा अधिक घट्ट होतो. यरुशलेमेच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ झाली, म्हणून स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सात जण निवडले गेले. त्या वृत्तांतात अन्नवाटपाला आणि वचनाच्या प्रचारालाही ग्रीक ‘दिआकोनिया’च म्हटले आहे. माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे: पंगतीत वाढणारा हात प्रवचनापेक्षा खालचा ठरत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीला ‘लेइतुर्गिया’ म्हणतो. अथेन्समध्ये श्रीमंत नागरिक स्वखर्चाने युद्धनौका सांभाळत, नाटकाच्या गायकवृंदाचा खर्च उचलत, त्या लोककार्याचे हे नाव. पुढे तेच चर्चच्या उपासनाविधीला मिळाले. करिंथ या ग्रीक शहरात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या भोजनाला, काहींनी आधीच पोटभर खाल्ले आणि काही उपाशी राहिले, तेव्हा पौलाने कडक शब्दांत खडसावले: एकमेकांसाठी थांबा.

मुंबईत ही परिभाषा मराठीत हळूहळू रुळली. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये इथे आले आणि त्यांचा मराठी नवा करार 1826 मध्ये इथेच छापून निघाला. मंडळी, पाळक (मंडळीचा धर्मगुरू), दानार्पण हे शब्द आज मराठी चर्चमध्ये घरचे आहेत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईतच झाला. अभंगाची चाल त्यांनी ख्रिस्ती भक्तीला दिली, त्यामुळे गाणे हे एकट्या गायकाचे न राहता साऱ्या मंडळीचे काम झाले.

शहरातल्या ईस्ट इंडियन समाजाचा, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक रहिवाशांचा, ‘आगेरा’ हा कापणीचा सण सेवेच्या या कल्पनेच्या फार जवळचा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गोराई, मनोरी यांसारख्या गावठाणांत नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघर जातात. अनेक गावठाणांतली शेते इमारतींखाली गेली. तिथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, पण आगेरा चुकत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात प्रथमफळांची, म्हणजे पहिल्या पिकाची, टोपली वेदीपुढे ठेवायला सांगितली आहे. टोपली ठेवून झाली की देवाने दिलेल्या चांगल्या गोष्टींचा आनंद करायचा, आणि त्यात जमीन नसलेल्या लेव्याला व गावात राहणाऱ्या परक्यालाही सामील करून घ्यायचे.