धारणक्षमतेच्या निम्म्यावर ठरलेला कोटा

जीवांची संख्या आधी झपाट्याने वाढते आणि कमाल मर्यादेजवळ येताना मंदावते, असे सांगणारे लॉजिस्टिक समीकरण एका बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली मांडले; ते जवळपास ऐंशी वर्षे अडगळीत पडून होते. १९२०मध्ये अमेरिकेत ते नव्याने पुढे आले आणि १९३०च्या दशकात परीक्षानळीतल्या एकपेशीय जीवांना छान लागू पडले. नळीत जागा ठरलेली आणि खाद्य मोजून घातलेले असते. समुद्रात यातले काहीच नसते.

तरीही १९५०च्या दशकात मासेमारीचे कोटे, म्हणजे वर्षाला किती मासे पकडायचे ते आकडे, याच समीकरणाच्या वक्ररेषेवरून ठरू लागले. माशांचा साठा धारणक्षमतेच्या, म्हणजे पाणी जास्तीत जास्त जेवढे मासे पोसू शकते त्याच्या, निम्म्यावर असताना वार्षिक वाढ सर्वाधिक, म्हणून साठा तिथे आणायचा आणि वाढ तेवढी उचलायची. नाव दिले कमाल शाश्वत उत्पन्न.

धारणक्षमता १०,००० टन आणि वाढीचा दर ०.२ धरा; वाढ = दर × साठा × (१ − साठा ÷ धारणक्षमता). ५,००० टनांवर वाढ ५०० टन, कोटाही ५००. एका वाईट हंगामात साठा ४,०००वर आला की वाढ ४८०, म्हणजे २० टनांची तूट. ३,०००वर ती ८० होते. कोटा साठ्याच्या १० टक्के ठेवला असता, तर ४,०००वर पकड ४००च राहून साठा सावरला असता. पण त्यासाठी दरवर्षी साठा मोजावा लागतो, आणि बोटींवर कर्ज काढलेल्यांना ठरलेला आकडा हवा असतो. त्यात धारणक्षमताच ८,०००वर घसरली, तर वाढ ४००च्या वर जातच नाही. मग ५००चा कोटा साठा कितीही असला तरी जास्तच.

पेरूत १९७० साली अँकोव्ही या लहान माशाची पकड १ कोटी २० लाख टनांवर गेली होती. १९७२-७३च्या एल निन्योत, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या काळात, तळाचे पोषक पाणी वर येणे मंदावले आणि १९७३ची पकड २० लाख टनांच्या आत आली. खापर बरेचदा एल निन्योवर फोडले जाते. पण आधीचा बेसुमार उपसाही त्याला कारणीभूत होता.

काही वेळा प्राणीच आपली धारणक्षमता खाऊन टाकतात. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४मध्ये सोडलेले २९ रेनडियर १९६३पर्यंत सुमारे ६,००० झाले. भक्षक नव्हते, आणि हिवाळ्यात ज्यावर तगायचे ते दगडफूल भरून यायला दशके लागतात. १९६६मध्ये ४२ उरले.

१९७७ साली एका मत्स्यशास्त्रज्ञाने कमाल उत्पन्नाच्या कल्पनेचा मृत्युलेख लिहिला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्यात ती तरीही आली. संयुक्त राष्ट्रांच्याच १९९५च्या मत्स्यसाठ्यांवरील करारात मात्र त्या उत्पन्नाला लागणारा मासेमारीचा दर हे गाठायचे लक्ष्य न राहता, ओलांडू नये अशी मर्यादा ठरला.