फाशीच्या शिक्षेविरुद्ध दयेचा अर्ज: कोण करू शकतं, मुदत किती आणि कागदपत्रं कोणती

खुनाच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 खाली जन्मठेप किंवा फाशी अशी शिक्षा आहे. फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवून दिलं. तरीही ती दिली जाते, आणि दिली की कैद्याच्या घरच्यांसमोर कागदपत्रांचा डोंगर उभा राहतो. वाट कोणती, हे बहुतेकांना कुणीच समजावून सांगत नाही. ते इथे सांगतो.

फाशीबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकतो. खून करणाऱ्यालाही फाशी होऊ नये, असं मला वाटतं आणि त्याचं कारण महाराष्ट्रातच घडलं आहे. 2003 मधल्या एका गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा जणांना दोषी ठरवण्यात आलं. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मधल्या काळात अंमलबजावणी झाली असती, तर भरपाई कुणाच्या हाती दिली असती? तुमचं मत माझ्या उलट असेल, तरी पुढची माहिती तुमच्याही उपयोगाची आहे. अर्ज वर्षानुवर्षं रखडला की ज्याचा माणूस मारला गेला त्याचं घरही तितकीच वर्षं ताटकळतं.

अर्जाची वेळ कधी येते

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यासाठी कुणी अपील करण्याची वाट पाहिली जात नाही, सत्र न्यायालय स्वतःच प्रकरण वर पाठवतं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, आणि तेही फेटाळलं गेलं तर 30 दिवसांत फेरविचार याचिका. फाशीच्या प्रकरणात ही याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर तोंडी युक्तिवादासह ऐकली जाते. 2014 पासूनचा हा नियम आहे. वकिलाने “फेरविचारात काही होत नाही” म्हणून ती सोडायला सांगितलं, तरी सोडू नका.

दयेचा अर्ज ही यापुढची पायरी. 1 जुलै 2024 पासून त्याची मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 472 मध्ये आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा फेरविचार फेटाळल्याचं कारागृह अधीक्षकांनी कैद्याला कळवलं, की त्या दिवसापासून 30 दिवस मोजायचे. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि वर जाण्याची मुदत तशीच निघून गेली, तरीही हेच 30 दिवस. म्हणून अधीक्षकांनी कळवल्याची तारीख लेखी मिळवून ठेवा. पुढचा सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

अर्ज कुणी करायचा

कैदी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा कोणीही नातेवाईक. आधी राज्यपालांकडे जाता येतं (घटनेचं कलम 161) आणि तिथे नकार मिळाला की त्या तारखेपासून 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे (कलम 72). राज्यपाल आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. त्यामुळे तुमचा अर्ज प्रत्यक्षात वाचला जातो तो गृह विभागाच्या टेबलावर, हे लक्षात ठेवून लिहा. एकाच खटल्यात अनेकांना फाशी असेल, तर प्रत्येकाचा अर्ज यावा हे पाहणं अधीक्षकांचं काम आहे. कुणाचा आला नाही, तर त्याचं नाव, पत्ता आणि खटल्याचे कागद त्यांनी सरकारकडे पाठवायचे असतात. राष्ट्रपती त्या सगळ्यांचा निर्णय एकत्र करतात.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

कागदपत्रं

सत्र, उच्च आणि सर्वोच्च अशा तिन्ही न्यायालयांच्या निकालांच्या प्रती सरकार मागवतंच. पोलिसांकडून आधीच्या गुन्ह्यांची नोंद, अटकेची तारीख, कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती येते, तर तुरुंगाकडून वर्तणुकीचा अहवाल. पण त्या माणसाचं आयुष्य सांगणारे कागद घरच्यांनीच जमवावे लागतात, आणि ते पहिल्या अर्जालाच जोडलेले असावेत.

सगळ्यात आधी वयाचा पुरावा शोधा. गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण नसतील तर फाशी देताच येत नाही, आणि हा मुद्दा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र आधी पाहिलं जातं. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. पुण्यातल्या 1994 च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी 2023 मध्ये सुटला. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल्यानुसार गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. दाखल्यावरचं नाव आणि खटल्यातलं नाव वेगळं होतं, त्यामुळे ती दोन्ही एकाच माणसाची आहेत हेही सिद्ध करावं लागलं. तोपर्यंत तुरुंगात 28 वर्षं गेली होती. म्हणून शाळेत जाल तेव्हा नुसता दाखला घेऊन परतू नका. जनरल रजिस्टरच्या त्या पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत मागा, आणि नावात फरक असेल तर रेशनकार्ड, भावंडांचे दाखले असं जे मिळेल ते जोडा. वयाचा मुद्दा नुसत्या दयेच्या अर्जात मांडून भागणार नाही. न्यायालयातही वेगळा अर्ज करा.

दुसरा महत्त्वाचा कागद मानसिक आजाराचा. तुरुंगाच्या दवाखान्यातले केसपेपर आणि औषधांच्या नोंदी वकिलामार्फत मागवा. महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने जन्मठेपेवर आणली. निकालात त्याचं नाव नुसतं ‘एक्स’ असं आहे.

अर्जात काय लिहायचं

“दया करा” एवढ्याने काही होत नाही. केंद्रीय गृह मंत्रालय कोणते मुद्दे पाहतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात नोंदलेलं आहे: आरोपीचं वय, लिंग आणि मानसिक दुर्बलता, किंवा चिथावणीसारखी परिस्थिती, पुराव्याबद्दल न्यायालयाने स्वतःच व्यक्त केलेली शंका, नव्या पुराव्याची शक्यता, खालच्या न्यायालयाने सोडलेल्याला वरच्याने दोषी धरणं किंवा शिक्षा वाढवणं, न्यायमूर्तींमधला मतभेद, टोळीने केलेल्या खुनात कुणाचा वाटा किती, तपास आणि खटल्याला लागलेला उशीर. यातलं जे लागू असेल, त्याच्या शेजारी निकालातला परिच्छेद क्रमांक लिहा.

अर्ज अधीक्षकांमार्फत द्या आणि आवक क्रमांक, तारीख असलेली पोच त्याच दिवशी घ्या. उशीर मोजायला ती पोच किती मोलाची, हे दोन प्रकरणांतून दिसतं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जाला सरकारने साडेसात वर्षांहून अधिक काळ लावला होता. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात राष्ट्रपतींनी 2017 मध्ये अर्ज फेटाळला, पण फाशीचं वॉरंट (फाशीची तारीख ठरवणारा न्यायालयाचा आदेश) निघालं 2019 मध्ये. तिथेही फाशी जाऊन 35 वर्षांची शिक्षा आली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याच निकालाने प्रत्येक राज्याला दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलं. फाइल कुठे अडली आहे, हे त्या कक्षाकडे लेखी विचारा.

नकार आला तर

केंद्राने तो 48 तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि अधीक्षकांना कळवायचा असतो. नव्या कलमात या निर्णयाविरुद्ध अपील नाही, असं लिहिलं आहे. पण घटनेने दिलेला रिट याचिकेचा (थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा) मार्ग साध्या कायद्याने बंद होत नाही, असं मी ठामपणे मानतो. अवाजवी उशीर, मानसिक आजार, नकाराआधीच एकांत कोठडी, महत्त्वाची कागदपत्रं राष्ट्रपतींपुढे न ठेवणं, या कारणांवर न्यायालयांनी आजवर दखल घेतली आहे. नकाराची प्रत मागून घ्या, तो कैद्याचा हक्क आहे. वॉरंट हाती पडल्यापासून प्रत्यक्ष तारखेपर्यंत पूर्ण 15 दिवस मिळालेच पाहिजेत. त्या मुदतीत वकील उच्च न्यायालयात पोहोचला पाहिजे, आणि घरच्यांच्या भेटीचा अर्ज त्याच दिवशी अधीक्षकांकडे गेला पाहिजे.